दुसरी शेड कधी बांधली?

पावणेपाच वाजले होते आणि अण्णा सारखे खिडकीबाहेर बघत होते. आम्ही बसलो होतो अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात, एका काउंटीच्या कार्यालयात. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. नोव्हेंबर महिना. पडद्यावर एकतिसावी स्लाइड. बाहेर सूर्य झाडांना टेकलेला.

"बाई," अण्णा हळूच म्हणाले, "ह्यांना सांगा, आता जेवायला पायजे."

जेवण साडेसातला होतं. हॉटेलात, राज्याच्या वाणिज्य खात्यातल्या मोठ्या अधिकाऱ्यांबरोबर.

अण्णा म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. सांगलीजवळचं शेतकरी जैन घराणं. कुपवाडच्या एमआयडीसीत त्यांची फाउंड्री. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं, त्यातून यंत्रांचे भाग काढायचे. मी तिथं प्रोजेक्ट विभागाची प्रमुख. वय चौपन्न. मेढ्याच्या शाळेत शिकलेली, पुण्यात एमबीए केलेली आणि ते एमबीए रोज इस्त्री करून अंगावर घालणारी. आज त्या बाईला भेटले तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग गप्प बसायला सांगेन.

प्रसंग साधा नव्हता. गवताचे गठ्ठे बांधणारी यंत्रं बनवणारी एक अमेरिकन कंपनी आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. कुपवाडची निम्मी भट्टी तिच्या जिवावर पेटायची. तिनं कळवलं होतं: भाग ओता तुमच्याकडे, पण ते तासून मापाला आणायचं काम, म्हणजे मशीनिंग, अमेरिकेत करा. माल आमच्यापासून एका दिवसाच्या अंतरावर हवा. नाहीतर आम्ही दुसरा बघतो. आठ दिवसांच्या दौऱ्यात राज्य निवडायचं होतं. चुकीचं निवडलं तर तिकडचं नुकसान सोडाच, कुपवाडची भट्टी विझणार होती.

मी तीन महिने खपून तक्ता केला होता. तेवीस निकष, प्रत्येकाला गुण. वीज, रस्ते, बंदर, मजुरी. सगळ्यात जास्त गुण मी इन्सेन्टिव्हला दिले होते. इन्सेन्टिव्ह म्हणजे 'आमच्याकडे या' म्हणून राज्य देतं ती सवलत. त्यात पहिलं आलं होतं दुसरंच एक राज्य. त्याचं नाव सांगत नाही, माझी भाची तिथं नांदते. ते आम्ही परवाच बघून आलो होतो. बांधलेली, रिकामी, चकाचक शेड जवळजवळ फुकट देत होते. वर दहा वर्षं करमाफी. मी मनातल्या मनात तिथं नारळसुद्धा फोडला होता. साउथ कॅरोलिना आपली तुलनेपुरती.

तर, जेवण. अण्णा सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. पाणीही घेत नाहीत. घराण्याची रीत. हे मला वीस वर्षं माहीत होतं आणि दौरा आखताना मी ते तक्त्यात चोविसावा निकष म्हणून घातला नव्हता. शिवाय हे परक्यांना सांगायची मला लाज वाटली. म्हणून काउंटीतर्फे आम्हाला फिरवणाऱ्या कॅरल बाईंना मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "मिस्टर अण्णांना एक मेडिकल त्रास आहे. वेळेवर खावं लागतं."

कॅरलचा चेहरा उतरला. तिनं फोन उचलला. "डॉक्टर बोलावू? दवाखाना सात मिनिटांवर आहे."

आमच्याबरोबर उंब्रजचे दादू मेस्त्री होते. फाउंड्रीतली यंत्रं नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस. अण्णांनी त्यांना मुद्दाम आणलं होतं. मेस्त्री उठले, खिडकीकडे बोट केलं आणि आयुष्यातलं सगळं इंग्रजी एकदम खर्च केलं.

"नो डॉक्टर. सन. सन डाउन, माउथ क्लोज."

कॅरलनं सूर्याकडे बघितलं. अण्णांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग ती इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. म्हणाली, "आधी सांगायचं नाही का? उद्या आपण जो जर्मन कारखाना बघणार आहोत, त्याच्या कॅन्टीनमध्ये पाचला दुसऱ्या पाळीची जेवणाची सुट्टी होते. दहा मिनिटांत पोचू."

"आणि स्लाइड?" मी विचारलं.

"आवं मॅडम," मेस्त्री म्हणाले, "ती कुठं जातीय."

कॅन्टीनमध्ये आम्ही कामगारांच्या टेबलावर बसलो. अण्णा कांदा, लसूण, बटाटा खात नाहीत. मका, उकडलेला घेवडा आणि सफरचंद एवढं मिळालं. मग त्यांनी पिशवीतून कडक भाकरी आणि बिनलसणाची शेंगाचटणी काढली. समोर एडी नावाचा पन्नाशीचा मेंटेनन्सवाला बसला होता. अण्णांनी अर्धी भाकरी मोडून त्याच्यापुढं ठेवली. मी टेबलाखालून अण्णांना पायानं खुणावत होते. लागत होता मेस्त्रींचा पाय.

एडीनं चटणी खाल्ली. पाणी प्यायला. परत चटणी मागितली.

तिथून पुढं दौरा माझ्या हातात राहिला नाही. मेस्त्रींनी हातांनी स्पिंडल, म्हणजे यंत्राचा फिरता दांडा, करून दाखवला, मग तो 'खर्र' करून बंद पाडला आणि भुवया उडवल्या. म्हणजे, यंत्र बिघडलं तर कोण दुरुस्त करतं? एडीला भाषांतर लागलं नाही. वीस मिनिटांवर दुरुस्तीची दोन दुकानं आहेत, म्हणाला. इथं आजूबाजूला परदेशी कारखाने इतके आहेत की दुरुस्तीवाल्याला दम नाही. आणि नवीन पोरं? राज्याचं तांत्रिक कॉलेज कारखाना सुरू व्हायच्या आधीच माणसं शिकवून तयार करून देतं. एडी स्वतः तसाच लागला होता.

"ह्याला विचारा," अण्णा मला म्हणाले, "ह्यांच्या मालकानं दुसरी शेड कवा बांधली?"

मी सवयीनं तोंड उघडलं, "मिस्टर अण्णांना तुमच्या या सुंदर परिसराबद्दल…"

"बाई." अण्णांनी भाकरी खाली ठेवली. "परवा त्या रिकाम्या शेडमधी मी विचारलं, आधीचा का गेला? तुमी त्याचं 'लव्हली बिल्डिंग' केलं. मला 'लव्हली' कळतं."

मेस्त्री घेवड्यात तोंड घालून हसत होते. खोटं कशाला बोलू, मी वीस वर्षं अण्णांचे प्रश्न असेच धुऊन, वाळवून, घडी घालून पाहुण्यांना देत होते. मला वाटायचं, मी त्यांची अब्रू राखते. राखत होते माझी.

मी एडीला प्रश्न जसाच्या तसा विचारला.

"दुसरी? आता तिसरी चाललीय," तो म्हणाला. "मी पहिलीत लागलो. माझी मुलगी तिसरीत आहे."

अण्णांनी मान हलवली, सफरचंदाची शेवटची फोड खाल्ली, पाणी प्यायले आणि खिडकीकडे बघून हात जोडले. तेवढ्यात सूर्य बुडाला.

साडेसातच्या जेवणाला आम्ही गेलो. सगळे खात होते, म्हणून सगळ्यांची तोंडं भरलेली. अण्णांचं मोकळं. त्यांनी दोन तास प्रश्न विचारले आणि मी एकही शब्द इस्त्री केला नाही. शेवटी म्हणाले, "तुमच्या हितलं वाईट काय ते सांगा."

मी तेही तसंच विचारलं. कॅरल म्हणाली, "बस नाही. ज्याच्याकडे गाडी नाही तो कामावर येऊ शकत नाही. आणि ऑगस्टमध्ये शेडमध्ये माणूस उकडून निघतो."

"कुपवाडला मे मधी या," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या पहिल्या राज्याला फोन लावला आणि परवाचा प्रश्न विचारला. आधीची कंपनी का गेली? तिकडच्या गृहस्थांनी जरा खाकरून सांगितलं. त्यांनीही करमाफी घेतली होती. इतकी माणसं इतक्या वर्षांत नोकरीला लावू, असं लिहून दिलं होतं. पण त्या भागात शिकलेली माणसं मिळालीच नाहीत. मग क्लॉबॅक लागला. क्लॉबॅक म्हणजे अट मोडली की दिलेली सवलत परत ओढून घ्यायचं कलम. ते कलम माझ्या अहवालात होतं. परिशिष्ट सात. मीच लिहिलेलं, मीच न वाचलेलं.

मी जाऊन अण्णांना सांगितलं आणि तक्ता फाडू का म्हणून विचारलं.

"कशाला? चांगला हाय," ते म्हणाले. "फक्त खाली एक वळ लिवा."

ती ओळ अशी: शेजारच्यानं दुसरी शेड तिथंच बांधली का?

आम्ही साउथ कॅरोलिनात गेलो. त्या गिऱ्हाइकानं आम्हाला सोडलं नाही, कुपवाडची भट्टी एक दिवस थंड झाली नाही. मेस्त्री यंत्रं बसवायला सहा महिने तिकडं राहून आले. तक्रार एकच, चुरमुऱ्यांचं भडंग मिळत नाही. तीन वर्षांनी आम्हीही दुसरी शेड बांधली, तेव्हा करमाफीचा विषय कोणी काढलासुद्धा नाही.

आता मी साताऱ्यात निवृत्त आहे. माझी नात एमबीए करते. तिनं परवा मला एक अहवाल दाखवला, परदेशी कंपन्या कुठल्या राज्यात का जातात यावर. तक्ता होता. एकोणतीस निकष. आमच्या घराण्यात प्रगती आहे. मी शेवटचं परिशिष्ट आधी वाचलं, मग तिला एवढंच म्हटलं: पहिली शेड माणूस सवलत बघून बांधतो, दुसरी मात्र तिथं राहून बघितल्यावर. तेव्हा दुसऱ्या शेडी मोज.

कॅरल हल्ली नव्या पाहुण्यांना आमच्याच कॅन्टीनमध्ये आणते. बरोबर पाच वाजता. स्लाइड दाखवायच्या आधी.