अठराचे सोळा

बाजारात बरेच दिवस एकच कुजबुज होती: ठोकेमास्तरांनी स्वतःच्या लेकीच्या घरी चोरी केली. तीही भरदिवसा, माल चादरीत गुंडाळून. कुणी म्हणे, जावयाशी पटत नव्हतं, त्याची नोकरी घालवायची म्हणून त्याचा कॉम्प्युटरच उचलला. कुणी म्हणे, हे सगळं सासूबाईंचं डोकं, मास्तर नुसते हमाल. सगळ्यात चविष्ट आवृत्ती लेकीच्या शेजारी राहणाऱ्या शिवणवालीकडे मिळायची, कारण तिनं सारं जिन्यात डोळ्यांनी पाहिलं होतं. "घामानं निथळत होते हो! मी आपलं सहज विचारलं, काका, काय नेताय? तर म्हणाले, उशा." चौकोनी उशा! आता बोला.

तर ठोकेमास्तर म्हणजे तळघरातल्या बाजारात कॉम्प्युटर जुळवून देणारे गृहस्थ. गाळा इतका अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की मास्तरांना पोट आत ओढून घ्यावं लागे. स्वभाव भित्रा. लिफ्टमध्ये पाऊल टाकायचे नाहीत, आणि कुलूप लागलं का हे बघायला कोपऱ्यावरून परत यायचे. "आमचे हे स्वतःच्या सावलीलासुद्धा आधी वाट देतात," असं बायको चारचौघांत सांगायची, आणि मास्तर मान डोलवायचे.

एका विषयात मात्र माणूस वाघ होता. तो विषय म्हणजे मेमरी. मेमरीच्या पाकिटावर दोन आकडे असतात. एक मोठा, ठसठशीत, तो वेग. दुसरा बारीक अक्षरात, कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, ते टायमिंग. गिऱ्हाईक पहिल्यावर भाळायचं आणि मास्तर दुसऱ्यावर बोट ठेवायचे. "वेग म्हणजे ठोके किती भराभर पडतात ते. आणि टायमिंग म्हणजे हाक मारल्यावर साहेब किती ठोके नुसतं 'आलो, आलो' करत बसतात ते. ठोके वाढले आणि आलो-आलोही वाढलं, तर तुमच्या हाती काय लागलं? तुरी!" हे प्रवचन ऐकून ऐकून बाजारानं त्यांचं बारसं केलं: ठोकेमास्तर.

जावई इंजिनियर, इमारतींचं गणित करणारा. कुठली तुळई किती भार पेलेल, तिच्यात सळया किती घालायच्या, हे एका ऑफिससाठी घरी बसून काढायचा. त्याला नवा कॉम्प्युटर हवा होता, आणि सासराच या धंद्यात म्हटल्यावर दुसरीकडे जाणार कुठे? लेकीला घेऊन गाळ्यावर आला.

"बाबा, मेमरी छत्तीसशेवाली टाका."

"तिचं टायमिंग अठरा आहे रे. ही बत्तीसशेवाली घे, टायमिंग सोळा. भागाकार करून बघ, वाट पाहणं दोन्हीत सारखंच येतं. आणि ही तुझ्या बोर्डावर निवांत चालेल."

"सारखंच येतं ना? मग मोठा आकडा का नको?"

"द्या हो बाबा त्याला हवी ती," लेक म्हणाली. "तुमच्या ठोक्यांपायी आम्ही उपाशी मरू."

जावई हसला. "बाबांचं टायमिंग म्हणजे गणित कमी आणि भक्ती जास्त."

गिऱ्हाईक असं बोललं असतं तर मास्तरांनी या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं असतं. पण जावई! आणि तोही लेकीसमोर! शब्द काट्यासारखा रुतला. मास्तरांनी मुकाट्यानं छत्तीसशेवाली बसवली आणि मग, दोघांचं लक्ष नसताना, सेटिंगच्या पडद्यावर जाऊन टायमिंगच्या अठराचे सोळा केले. आता वेगही त्याचा आणि टायमिंगही माझं, बघू कोण हसतं! मशीन सुरू झालं. मास्तरांनी मिशीतल्या मिशीत विजय साजरा केला.

त्यांचा एक नियम होता. मेमरीच्या आकड्यांना हात लावला की तपासणीचा प्रोग्राम रात्रभर चालवायचा, त्याशिवाय मशीन गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. परक्यांसाठी हा नियम दगडावरची रेघ होती. पण बाहेर लेकीची गाडी रस्ता अडवून उभी होती, मागचे हॉर्न वाजवत होते, आणि हे तर घरचंच. घरच्यांना कसला आलाय नियम?

काही आठवड्यांनी लेकीनं नातीचा फोटो पाठवला. पोर झोपाळ्यावर. कपाळापर्यंत फोटो ठीक, तिथून खाली एक हिरवी पट्टी आणि मग नुसता राखाडी रंग. डोळे नाहीत, तोंड नाही. खाली लेकीनं लिहिलं होतं, "बाबा, गंमत बघा. तुमच्या मशीनवर ठेवलेले काही फोटो असेच होतात."

मास्तरांना गंमत दिसली नाही. मशीन बंद पडलं तर परवडतं, ते बोंब तरी मारतं. मेमरी चुकली तर ती बोंब मारत नाही. सांभाळायला दिलेला आकडा बदलून परत देते, तोंडावरची माशीही न हलू देता. आज फोटोतला बदलला. आणि कशाकशातला?

त्यांनी जावयाला फोन लावला. "मशीन बरं आहे ना?"

"पळतंय बाबा! मधे एकदा आपोआप बंद पडलं, पण परत सुरू झालं. पोहण्याच्या तलावाच्या छताचं सगळं गणित त्याच्यावरच उरकलं."

"मग ते छत...?"

"या आठवड्यात काँक्रीट ओततायत. झालं की तुमच्या नातीचं नाव घालतो तिथे पोहायला शिकायला."

मास्तरांनी फोन ठेवला आणि स्टुलावर बसले. स्टूल तिथे नव्हतं.

घरी बायकोनं कंबर शेकता शेकता सगळं काढून घेतलं. "अहो, मग सांगून टाका ना त्याला."

"काय सांगू? तू हसलास, मला लागलं, म्हणून मी तुझ्या मशीनमध्ये हात घातला?"

"छत खाली आल्यावर सांगणार आहात का?"

"आधी खात्री करून घेतो. माझा नुसता संशय असला तर?"

"तुम्हाला छताची भीती नाही वाटत, जावयाची वाटते," बायको म्हणाली. मास्तरांना दोन्हीची वाटत होती.

दुसऱ्या दिवशी जावई साइटवर आणि लेक कामावर गेल्यावर मास्तर त्यांच्याकडच्या किल्लीनं आत शिरले. पुढचं शिवणवालीनं सांगितलंच आहे. गाळ्यावर येऊन त्यांनी मशीनचं झाकण उघडं टाकलं, तपासणी सुरू केली आणि पडद्याकडे नजर लावून बसले. पहिली फेरी स्वच्छ. दुसरी स्वच्छ. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. चादर पुन्हा हातात घेतली, जावई यायच्या आत जागेवर ठेवून येऊ म्हणून.

आणि डोक्यावरचा पंखा दिसला. झाकण उघडं, वर गार वारा. जावयाकडे हेच मशीन बंद झाकणानं, टेबलाखाली, उन्हाच्या खिडकीजवळ चालायचं. नाही बघितलं असं म्हणता आलं असतं. कोण विचारणार होतं? मास्तरांनी चादर घडी करून बाजूला ठेवली. मग त्यांनी झाकण लावलं, पंखा बंद केला आणि समोर बसले. गाळा तापला. शर्ट पाठीला चिकटला. पडद्यावर चूक दाखवणारी एक लाल ओळ उमटली. मग तिच्याखाली दुसरी. मग त्यांनी मोजणं सोडून दिलं.

तेवढ्यात फोन वाजला. जावई जेवायला घरी आला होता. "बाबा, घरात चोरी झाली! कॉम्प्युटरच नेला हो! पोलिसांना बोलावतोय."

"नको," मास्तर म्हणाले.

"नको म्हणजे?"

"माझ्याकडे आहे. तू आधी काँक्रीट थांबव."

जावई गाळ्यात आला तेव्हा मास्तर उठूनही उभे राहिले नाहीत. अठरा, सोळा, न केलेली तपासणी, सगळं खालमानेनं सांगितलं. जावई लाल ओळींकडे बघत होता.

"कधीपासून असं आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मी हसलो म्हणून हे?"

मास्तरांनी मान डोलावली. जावयानं शिव्या घातल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्यानं साइटवर फोन लावला. पलीकडून कुणीतरी खेकसत होतं, काँक्रीटच्या गाड्या निघाल्यात, आता कारण काय सांगू?

"सांग, घरून कॉम्प्युटर चोरीला गेलाय, छताचे कागद पुन्हा काढावे लागतील," मास्तर कुजबुजले. "चुकलेलं मशीन म्हणालास तर तुझं आजवरचं सगळं काम संशयात येईल. वाटल्यास चोर मी होतो."

जावयानं तेच सांगितलं. मग मास्तरांनी सोळाचे पुन्हा अठरा केले, तपासणी लावली, आणि जावयानं ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनवर छताचं गणित पहिल्यापासून केलं. नवा कागद आणि जुना कागद शेजारी ठेवून दोघं बसले. जावई जुना आकडा वाचायचा, मास्तर नवा. जुळला की दोघं पुढच्या ओळीवर. मास्तरांना पाणी प्यायला थांबायचीही हिंमत होत नव्हती. पान उलटलं. जावयानं एक आकडा वाचला. मास्तरांनी वाचला नाही.

"बाबा?"

मास्तरांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. जावयानं दोन्ही आकडे वाचले. मग परत वाचले.

"कुठली तुळई रे ही?" मास्तरांनी विचारलं.

"उथळ बाजूवरची," जावई म्हणाला. "लहान मुलं शिकतात तिथली."

उरलेले आकडे वाचायला संध्याकाळ झाली. ते सगळे जुळले. साइटवर कुरकुर झाली, चोरीची बातमी तिथून बाजारात आली, जिन्यातल्या उशांना भेटली, आणि पुढे तिला कुणी अडवलं नाही. मास्तरांनी तर नाहीच.

खरी गोष्ट एवढीच. मास्तरांनी मेमरीचं टायमिंग हातानं कमी केलं, तपासलं नाही, आणि त्या मशीनवर एका तुळईच्या सळया कमी धरल्या गेल्या. ते शोधायला त्यांनी कॉम्प्युटर न विचारता आणला. काँक्रीट ओतण्याआधी सळया बदलल्या. चोरी झाली नव्हती.