अकरा नंबरमधली काच

हॉटेलच्या खोलीतला फोन सकाळी सकाळी दोनच कारणांनी वाजतो. गरम पाणी सुरू झालं हे सांगायला, नाहीतर ते संपलं हे सांगायला. त्यामुळे मी तोंडातला ब्रश तोंडातच ठेवून रिसीव्हर उचलला.

"अकरा नंबर का?" पलीकडे म्हातारा पण ठणठणीत आवाज. "जय भीम, सायब. झोपमोड तर न्हाई ना केली?"

"नाही. कोण बोलतंय?"

"मी जालिंदर मुकादम. केडगावात ऱ्हातो. बूथवरनं बोलतोय, म्हनून जरा घाईत. एक काम हुतं. तुमच्या पलंगाच्या उशाला कपाट हाय बगा. त्याच्या मागं, डाव्या अंगाला, छातीएवढ्या उंचीवर भिंतीला काच लावल्याली हाय. ती शाबूत हाय का, तेवढं बगून सांगा."

माणूस परगावी गेला की आज्ञाधारक होतो. घरी हेच काम सांगितलं असतं तर मी आधी तीन सबबी सांगितल्या असत्या. इथे मी निमूटपणे रिसीव्हर उशीवर ठेवला आणि कपाट आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीत डोकं घातलं.

भिंतीतून एक डोळा माझ्याकडे बघत होता.

तोंडात ब्रश नसता तर मी नक्की ओरडलो असतो. मग लक्षात आलं, की डोळा माझाच आहे. भिंतीवर आरशाचा एक चिंचोळा तुकडा आडवा बसवला होता, दोन्ही टोकांना प्लास्टर थापून. मात्र माझा डोळा एकसंध दिसत नव्हता. तो मधोमध दुभंगला होता, आणि त्याची दोन शकलं एकमेकांशी भांडण झाल्यासारखी किंचित वर-खाली बघत होती.

"आहे," मी फोनवर म्हणालो. "पण मध्ये एक उभी रेघ आहे."

पलीकडून बूथमधल्या मीटरची टिकटिक आणि तिच्यामागून म्हाताऱ्याचा आवाज आला.

"नख फिरवून बगा. लागतीय का रेघ?"

मी परत फटीत शिरलो, परत बाहेर आलो. "लागते."

"आलो मी," म्हातारा म्हणाला आणि फोन ठेवला.

*

मी या हॉटेलात उतरलो होतो तो मेहुण्याच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी. साखरपुडा आदल्या दिवशी, म्हणजे तीस नोव्हेंबर शहाण्णवला उरकला होता, पण जिलब्या अजून उरकल्या नव्हत्या. त्यामुळे पोटाला एक दिवस रजा म्हणून मी मुक्काम वाढवला होता. हॉटेलचं नाव 'हॉटेल हवेली'. इमारत पूर्वी कुण्या सरदाराची होती, मग तिच्यात इंग्रजांची कचेरी आली, मग आपल्या सरकारची. सरकार भाडेकरू म्हणून पन्नास वर्षं राहिलं आणि गेलं. मग वारसांनी ती आप्पासाहेब नावाच्या ट्रकवाल्या मालकांना विकली. आप्पासाहेबांनी खाली रेस्टॉरंट काढलं, वर बारा खोल्या केल्या आणि प्रत्येक खोलीला 'अटॅच्ड' बाथरूम दिलं. अटॅच्ड नसलेल्या खोलीत हल्ली माणूस रडायलासुद्धा उतरत नाही.

इमारत ऐतिहासिक असल्याच्या खुणा काउंटरवर मांडून ठेवल्या होत्या. एक गंजकी तलवार, एक हुक्का, आणि मखमलीच्या चौकटीत बसवलेली बोटभर रुंदीची काचेची पट्टी. तिच्यावर लाल रंगात '१-१-६८ जा.' असं लिहिलेलं. खाली पितळी पाटी: 'मुघलकालीन काच, इ. स. १६६८.' आल्या दिवशीच मी ती काच मोठ्या आदरानं पाहिली होती. मुघल एवढी साधी काच वापरत होते याचं थोडं वाईटही वाटलं होतं.

नऊच्या सुमारास खाली आवाज चढला म्हणून मी जिन्यात आलो. काउंटरसमोर एक काटक म्हातारा उभा होता. पांढरा सदरा, लेंगा, डोक्याला टोपी, हातात कळकाची काठी. मागे हिरव्या लुगड्यातली बाई, काखेत पिशवी. मॅनेजर आसाराम दोन्ही हात काउंटरवर पसरून जणू किल्ला लढवत होता.

"मुकादम, आता तुम्ही प्रत्यक्ष आलात? फोन कमी होते का?"

"आसाराम, काच तडकली."

"तडकणारच! काच आहे, दगड नाही. आणि कुणी तडकवली?" आसारामनं जिन्यातल्या माझ्याकडे असं पाहिलं, की मी नकळत दोन्ही हात मागे लपवले.

"त्यांनी न्हाई. भिंतीनं तडकवली," मुकादम म्हणाले.

*

आम्ही सगळे वर माझ्या खोलीत गेलो, चहा मागवला, तेव्हा कुठे मला उलगडा होऊ लागला. तो मुकादमांपेक्षा गीताबाईंनीच, त्यांच्या पत्नीनं, जास्त केला. मुकादम पूर्ण वेळ भिंतीकडे बघत होते.

जालिंदर मुकादम मूळचे तिसगावच्या बाजूचे. रस्त्याच्या कामावर पाणी वाहायला लागले, तिथून गवंड्याच्या हाताखाली, तिथून सरकारी खात्यात मुकादम. सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा या कचेरीच्या वरच्या मजल्यावरच्या भिंतीला उभी फट पडली. इंजिनियर साहेब आले. त्यांनी फटीवर काचेची पट्टी आडवी बसवायला लावली, तारीख घालायला लावली. फट हलली की काच तडकते, हलली नाही तर शाबूत राहते. इतकं साधं शास्त्र. साहेब म्हणाले, "मुकादम, दर एक तारखेला बघत जा."

पुढे साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांना फट माहीत नव्हती. त्यांच्यामागून आलेल्यांना मुकादमही माहीत नव्हते. पण 'बघत जा' असा हुकूम झाला होता, 'बघणं थांबव' असा झाला नव्हता. मुकादम सव्वीस वर्षं दर एक तारखेला त्या खोलीत जाऊन काच बघून येत.

"माजं बाळंतपन एक तारखेचं," गीताबाई म्हणाल्या. "ह्ये दवाखान्यात आले, पोरगं बगितलं, आन म्हनले, 'शाबूत हाय.' मला वाटलं पोराला म्हनत्यात. मागनं कळलं, काच बगून आल्ते."

"दोनी बी शाबूतच हुतं की," मुकादम भिंतीवरची नजर न काढता म्हणाले.

त्र्याण्णवला किल्लारीचा भूकंप झाला. इकडेही भांडी वाजली. मुकादम उजाडता उजाडता सायकलवर कचेरीत. काच शाबूत. पुढच्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा खात्यानं त्यांना नारळ आणि शाल दिली. त्यांनी साहेबांना ती फट दिली, म्हणजे दाखवली. साहेब म्हणाले, "वा." सहा महिन्यांत कचेरीच नव्या इमारतीत गेली.

यंदा मे महिन्यात त्यांना साठ वर्षं झाली, म्हणून मुलानं, प्रवीणनं, आईबापांना हौसेनं एक दिवस या हॉटेलात ठेवलं. मुकादमांनी अकरा नंबरच मागून घेतली. खोलीत गेले तर फट नाही, काच नाही. रंग लावलेली गुळगुळीत भिंत, आणि त्याच भिंतीत, जिथे ती भरीव होती तिथे, तीन फुटांचं दगडकाम फोडून बाथरूमचं दार. काच कुठे गेली म्हणून शोधत खाली आले, तर ती मखमलीत.

"म्हणजे," मी म्हणालो, "ती मुघलकालीन काच..."

"माजी हाय. 'जा.' म्हंजे जालिंदर."

"मग त्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं," आसाराम मध्येच म्हणाला. "पण आता पाटी पितळेची केलीय, साहेब. आणि काय बिघडलं? काच किती वर्षं शाबूत आहे, बघा!"

मुकादमांनी त्याच्याकडे कीव येऊन पाहिलं. "आरं, भिंतीवरनं काडल्याली काच शाबूतच ऱ्हानार. तिला आता कोन तोडनार?"

त्या मे महिन्यात गीताबाईंचा हातातला आरसा फुटला, असं त्यांनी सुनेला सांगितलं. खरं तर मुकादमांनी फोडला होता. खाली रंगकाम चालू होतं, तिथून मूठभर प्लास्टर आणलं, रंगाखालची फट काठीनं ठोकून शोधली, आणि कपाटामागे आरशाचा तुकडा बसवला. पण दर महिन्याला हॉटेलात उतरणं पेन्शनीत बसणारं नव्हतं. म्हणून एक जूनपासून फोन.

"लोक बघून सांगतात?" मी विचारलं.

"समदी भली मानसं. एक डाक्टर हुते, तीनदा बगितलं बिचाऱ्यांनी. एक नवं जोडपं हुतं, ती पोरगी म्हनली, 'काका, प्लीज.' ऑगस्टात एकजन पडल्या पडल्याच म्हनला, शाबूत हाय. आवाजावरनं कळतं, सायब, उठला न्हाई त्ये. मग त्याला परत फोन लावला."

*

मुकादमांनी कपाट सरकवलं. काठीनं भिंत वरपासून खालपर्यंत ठोकत गेले, डॉक्टर पाठ ठोकतो तसे. बाथरूमच्या चौकटीवर आल्यावर ठोक्याचा आवाज बदलला. मलासुद्धा कळला. आसारामलाही कळला, कारण त्यानं एक पाऊल मागे घेतलं.

"हितं टेकू पायजे. लोखंडी, आजच्या आज. आन ह्ये दार बुजवा," मुकादम म्हणाले. "ह्या खोलीत कुनाला झोपवू नका."

"मी नोकर माणूस. मालकांना विचारतो." आसारामनं माझ्याच खोलीतून आप्पासाहेबांना फोन लावला. बोलणं एका बाजूचंच ऐकू येत होतं, पण तेवढं पुरलं. "होय... भिंतीची काच... नाही, खिडकीची नाही... फुटली... होय... बरं."

त्यानं रिसीव्हर ठेवला. चेहऱ्यावर काम झाल्याचं समाधान होतं.

"मालक म्हणाले, फुटली असेल तर नवी बसवा. गेस्टच्या बिलात लावू नका."

मुकादम पलंगाच्या कडेवर बसले. त्या दिवशी ते पहिल्यांदाच बसले. मग ते नगरपालिकेत जाऊन आले, पण रविवार होता, तिथे रखवालदार म्हणाला अर्ज करा. जुन्या खात्यातल्या एका ओळखीच्या साहेबांच्या घरी गेले. साहेब म्हणाले, खाजगी इमारत आहे, आता आपला संबंध काय?

"संबंद काय," मुकादम परत आल्यावर मला म्हणाले.

माझी खोली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती. मी ती त्यांना दिली आणि सात नंबरमध्ये गेलो. हे माझं शौर्य नव्हतं. त्या भिंतीखाली झोपायची माझी छाती नव्हती. दुसरा कोणी त्या खोलीत येऊ नये, एवढंच मुकादमांना हवं होतं. एका दिवसापुरतं ते मिळालं.

गीताबाईंनी पिशवीतून भाकरी आणि ठेचा काढला. "आवं, पन भिंत पडली तर आपल्यावर न्हाई का पडनार?"

"पलंग तिकडं सरकवू."

"मग हितं ऱ्हायचं कशाला?"

मुकादमांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आपन हाय तवर दार कुनी आपटनार न्हाई," ते म्हणाले.

सकाळी मी डोकावलो तर कपाट बाजूलाच होतं. तडकलेल्या काचेखाली त्याच आरशाचा दुसरा तुकडा नव्यानं बसवला होता. कोपऱ्यात गीताबाईंच्या कुंकवानं तारीख: १-१२-९६ जा.

बारा वाजता आसाराम दारात आला. आवाज अजिजीचा होता, पण घड्याळ हातात होतं. "मुकादम, चेक-आउट. खाली पार्टी आलीय. पाथर्डीहून शिर्डीला निघालेत, आजचा मुक्काम इथं. बाकी सगळ्या खोल्या भरल्यात. माझ्या हातात असतं तर..."

"तुज्या हातात कुटं हाय," मुकादम म्हणाले, आणि त्याची समजूत काढावी तसा त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पार्टी म्हणजे नवरा, बायको आणि चार पोरं. पोरं खोलीत शिरली ती थेट पलंगावर. चारही जणांनी एकदम उड्या मारायला सुरुवात केली. मुकादमांनी त्यांच्या बापाला भिंत दाखवली, फट दाखवली, काच दाखवली. त्यानं सगळं नम्रपणे ऐकून घेतलं, आणि काचेला हात जोडले.

"देव न्हाई त्यो," मुकादम म्हणाले. "दार तेवढं हळू लावा. बातरूमचं."

"हो हो, बाबा."

आम्ही तिघं जिना उतरलो. काउंटरवरच्या मखमलीतली काच उन्हात चमकत होती. फाटकापर्यंत पोचलो असू, इतक्यात वरून दार धाडकन आपटलं. मागोमाग दुसऱ्यांदा. पोरांना बहुधा ते दार आवडलं होतं.

मुकादम थांबले. त्यांनी वर पाहिलं नाही. फाटकाच्या दगडी खांबावर तळहात टेकवला आणि डोळे मिटून उभे राहिले. रस्त्यावर केडगावची रिक्षा हॉर्न वाजवत होती.

"चला आता," गीताबाईंनी त्यांचा सदरा ओढला. "एक तारखेला फोन लावाचाच हाय की."

"एक तारीख," मुकादम म्हणाले, "लई लांब हाय गं."