टोपल्याखालची खुडूक कोंबडी

माझी धाकटी लेक चार वर्षांची असताना मला एकच धास्ती असायची, की ही कुठंतरी खरं बोलून बसेल.

धारूरच्या घाटाखालचं आमचं गाव. निजामाचं राज्य. तालुक्याचे साहेब चावडीवर मुक्कामाला आले, की त्यांचे शिपाई घरोघर कोंबड्या गोळा करत फिरत. दाम मागायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी माझी एकुलती एक कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली होती. आज-उद्या पिल्लं निघायची. शिपाई गल्लीत शिरल्याचं कळताच मी तिच्यावर टोपलं पालथं घातलं, वर गोधडी टाकली. मालक शेतात होते. घरात पुरुष नसला की परक्याशी बाईनं बोलायचं नाही, दाराआड उभं राहून लेकराच्या तोंडून बोलायचं, अशी रीत. म्हणजे खोटंही तिच्याच तोंडून बोलायचं होतं! मी तिला पढवलं, "म्हण, आमच्यात कोंबडी न्हाई. ते मामा गेले की मग काढू तिला भाईर."

दोघं आले. एक जण कोंबड्या उलट्या धरून गल्लीत थांबला, दुसरा पितळी बिल्ला मिरवत ओसरीवर चढला.

"कोंबडी हाय का गं घरात?"

"न्हाई," लेक ठणकावून म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ती पुढं बोलली, "तुमी गेल्यावर हाय."

मी दाराआडून तिला चिमटा काढला.

"माय चिमटे काढायलीय," हेही तिनं लगेच सांगून टाकलं.

शिपाई आत डोकावला. गोधडी हलत होती. त्यानं टोपलं उचललं, तर कोंबडी पिसं फुलवून बसलेली. लेक त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"न्या मामा. पण मग अंड्यावर तुमाला बसावं लागंल. हालायचं न्हाई. मुतायला बी जायचं न्हाई."

शिपायानं तिच्याकडं पाहिलं, अंड्यांकडं पाहिलं. मग टोपलं होतं तसं पालथं घातलं, वरची गोधडीसुद्धा नीट केली आणि बाहेर जाऊन जोडीदाराला म्हणाला, "या घरी न्हाई रे कोंबडी. चल."

त्याच्या पायावर डोकं ठेवावं असं मला वाटलं. पण लेक ओसरीवर धावली. "हाय की मामा! आत्ताच तर बघितली तुमी!"

जोडीदार वळला. शिपाई कपाळाजवळ बोट फिरवत म्हणाला, "येडी हाय पोरगी."

जोडीदारानं संशयानं दाराकडं पाहिलं. मीही पदराआडून घाईघाईनं मान डोलावली.

लेकीनं भोकाड पसरलं. खरं बोलून येडी ठरल्याचं तिला फार लागलं. मलाही लागलं, खोटं कशाला सांगू? पण मी तिला गप्प केलं नाही. गोधडीखाली कोंबडी ओरडायला लागली होती, आणि शिपाई अजून गल्लीतच होते.