अकरा ताटांचं टेबल

वडील जूनमध्ये नागपुरात वारले, त्यामुळे त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती. आईला मी सप्टेंबरात अमेरिकेत, पिस्कॅटवेला माझ्या घरी घेऊन आले होते. आकाशकंदील खोक्यातच राहिला. ओळखीचे लोक फराळाचे डबे दारातच देऊन परतले. आई तेव्हा वरच्या खोलीत होती. घरात कोणी येणार असलं की ती वरच थांबे आणि जेवणही वर मागून घेई.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला आम्ही तीन कुटुंबं आळीपाळीने एकमेकांकडे जेवतो. त्या वर्षी पाळी आमची होती. नवरा म्हणाला, "कॅन्सल करू या." दोन फोन करून कारण सांगत बसायचाही मला कंटाळा आला होता, म्हणून कार्यक्रम राहिला. आईला विचारलं.

"तुमचं तुम्ही करा. मी वर जेवीन."

आम्ही तिघं, पाहुणे आठ. अकरा ताटं. पाच महिन्यांत आई चार माणसांत बसली नव्हती. तिने खाली यावं, एवढंच मला हवं होतं. पण तिला आग्रह करण्याइतकं त्राण माझ्यात नव्हतं.

सजावट सतरा वर्षांच्या मुलीकडे होती. मी ऑफिसातून आले की ती टेबलाचे रंग दाखवायला फोन पुढे करी. पहिल्या दिवशी वाइन रेड आणि सोनेरी, दुसऱ्या दिवशी नारिंगी आणि तपकिरी, तिसऱ्या दिवशी पांढरा आणि फिकट हिरवा.

"आई, पिक वन."

"कोणताही चालेल."

"दॅट्स नॉट अ‍ॅन आन्सर."

शेवटी तिनेच पांढरा ठरवला. "आजोबांसाठी. व्हाइट इज फॉर मोर्निंग, राइट?" दुखवट्याला पांढरा, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. मी हो म्हणाले. विषय संपला, याचंच बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी टेबलावर पांढरं कापड, पांढऱ्या मेणबत्त्या आणि तीन पांढरे भोपळे होते. आई चहाला खाली आली आणि टेबलाजवळ थांबली.

"कोहळा काहून मांडला? कोणाची दृष्ट काढायची आहे?"

"आजी, इट्स अ पम्पकिन."

"आणि हे सगळं पांढरं?"

मुलीने कारण सांगितलं. आईने चहाचा कप खाली ठेवला. "त्यांना पांढऱ्यात गुंडाळून नेलं. तेवढं पांढरं पुरे झालं मला."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी मेणबत्त्या गोळा करायला लागले.

"मग कुठला कलर, आजी?"

"दिवाळीचं काही काढू नका. वर्ष व्हायचं आहे." आई खिडकीबाहेर बघत होती. अंगणात मेपलची पानं घोट्याइतकी साचली होती. तीन आठवडे मी ती झाडली नव्हती. "केवढी पानं ही. झाडायला कोणी नाही का या घरात?"

"आईला वेळ नसतो," मुलगी म्हणाली.

"चल. टोपलं घे."

दोघी पाऊण तास बाहेर होत्या. ओली पानं टाकायची की ठेवायची, यावर त्यांचा वाद झाला, तो मला ओट्यापाशी ऐकू येत होता. आत येऊन आई वर गेली आणि माझ्यासाठी आणलेली सोलापुरी चादर घेऊन आली. मरून रंगाची, पिवळ्या नक्षीची. तिची घडी अजून मोडली नव्हती.

"आजी, नो. इट्स अ ब्लँकेट!"

"उद्यापासून पांघरा. आज टेबलावर."

चादर टेबलापेक्षा लांब निघाली. दोन्ही टोकं आईने आत दुमडली. वेचून आणलेलं एकेक पान पुसून मधोमध मांडलं: लाल, पिवळी आणि एक अर्धवट हिरवं. भोपळे मुलीने बाहेर पायरीवर नेऊन ठेवले. मी प्लेट मांडल्या. आई त्या बोटाने मोजत गेली.

"एक कमी आहे."

"अकराच माणसं आहेत ना."

"आणि मी? एवढी पानं वेचली ती वर बसून जेवायला?"

मी कपाट उघडलं. सेटमधली प्लेट उरली नव्हती. एक निळ्या काठाची मिळाली. ती चादरीवर अजिबात शोभत नाही, असं मुलीने सांगितलं आणि ती स्वतःच्या जागेवर ठेवली.