कुबलांनी चाळीस खाल्ले

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. माझा डोळा लागलेला नाही, लागायच्या बेतात आहे. हा फरक आधीच सांगते, कारण पुढचं सगळं नेमकं कुठून सुरू झालं ते मलाही माहीत असायला हवं.

मायक्रोस्कोपखाली शिंपल्याचा पातळ काप आहे. हा शिंपला ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरचा, जेवणाच्या ताटाएवढा, आमच्या कॉलेजच्या संग्रहात कधी आला ते कोणाला ठाऊक नाही. आतल्या चकचकीत थराच्या पूर्वी गुंड्या करत. मी त्याच्या वाढीच्या रेषा मोजते आहे. तोंडाने मोजते, आणि तिथेच चुकते.

आमच्या घरात सगळेच चुकतात. कुबलांचं पोर एकोणचाळीसनंतर थेट पन्नास म्हणतं. लपाछपीत माझ्यावर राज्य आलं की पोरं झाडांमागून ओरडायची, "कुबलांनी चाळीस खाल्ले!" बाबांना विचारलं तर म्हणाले, "आमचे आजे तसेच मोजत." यापलीकडे कोणी काही विचारलं नाही. आता माझे आकडे दहाने जास्त येतात आणि सरांनी दोनदा तक्ता परत केला आहे.

"सदतीस," मी म्हणते. "अडतीस. एकोणचाळीस."

"थांब. फुडचो आकडो बोलू नको."

टेबलाच्या पलीकडे एक म्हातारा बसला आहे. उघडाबंब, डोक्याला फडकं. उजवी टाच चिरांनी भरलेली.

"मी झिलू कुबल," तो म्हणतो. "तुझ्या आज्याचो आजो."

नाव मला माहीत आहे. जहाजावर गेला, सात वर्षांनी मालवणला परत आला, खोकून खोकून मेला. त्याचा फोटो नाही. तरी कान बाबांचे आहेत, हे मी पाहून घेते.

"आजोबा, चाळीस का खायचे?"

"सांगतंय. सरक वायच."

मी सरकते. स्टूल नाही, होडीतली आडवी फळी आहे. फरशीच्या जागी हिरवं पाणी. होडी लहान, नऊ-दहा माणसांची. लांब एक जहाज उभं आहे, त्याच्या मागे लाल किनारा. होडीच्या कडेला सहा माणसं पाण्यात तरंगताहेत, चार पुरुष आणि दोन बाया. अंगावर काही नाही. नाकाला नळी नाही, डोळ्याला काच नाही. समोर गोरा मालक मांडीवर वल्हं घेऊन बसलेला.

"ह्यांची जमीन ती," झिलू किनाऱ्याकडे बोट करतो. "मालकान आणि त्याच्या माणसांनी घोड्यार बसान ही माणसा धरून आणलली. खाली जावचा, शिंपले काढूचे. मी साठ मोजी. साठ झाले की टाच मारूची, फळयेर. खाली ऐकाक जाता."

"जाणारच. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो."

"हुशार आसस गो चेडवा." तो हसत नाही. "टाचेच्या आधी जो वर येय, त्येच्या बोटांर वल्हा."

बुडी मारलेला एक पुरुष वर येतो. टाच वाजलेली नाही. तो कड धरतो आणि मालक वल्हं उभं खाली आणतो. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज. पुरुष ओरडत नाही, कारण ओरडायला हवा लागते आणि त्याला ती आत घ्यायची आहे. मालक वल्ह्याच्या पात्याने त्याचं डोकं खाली दाबतो. पाण्यावर थोडं रक्त येतं आणि पांगतं.

"माका त्येंची भाषा येय नाय," झिलू म्हणतो. "मालकाक माझी येय नाय. मगे एके दिवशी मी चाळीस खाल्लंय."

मी मनात मांडते. एकोणचाळीसनंतर पन्नास म्हटलं तर साठाला खरे पन्नासच होतात. दहा आकड्यांचा दम वाचतो.

"त्यांना कळलं?"

"एकीक कळला."

ती पाण्यातून वर येते, कड धरते आणि झिलूकडे बघून तोंड वाकडं करते. "एकोनचालीस!" त्याच्यासारखंच, नाकातून. बाकीचे धापा टाकता टाकता हसतात. "पनास!" ती म्हणते आणि भुवया उडवते. मालकही हसतो, त्याला वाटतं माकडचेष्टा चालली आहे.

"हिचं नाव काय?"

"मालक तिका मंगळवार म्हणी. त्या दिवशी धरलली."

"खरं नाव?"

"ता माका कित्याक सांगात ती? मी होडयेत बसललंय."

मी उठते, कारण तास संपला आहे आणि मला वर्गात जायचं आहे. कॉलेजच्या व्हरांड्यात वाळू आहे. नोटीस बोर्डाखालून अकरा माणसं एका ओळीत चालत येतात, प्रत्येकाच्या गळ्यात लोखंडी कडं, कड्याकड्यांतून एकच साखळी. मागे घोड्यावर गोरा फौजदार. शेवटचा माणूस पडतो. साखळी ताणते, तसे पुढचे दोघे मागे खेचले जाऊन गुडघ्यावर येतात. फौजदार उतरतो, बंदुकीचा दस्ता पडलेल्याच्या कानशिलावर दोनदा घालतो, मग कड्याचं कुलूप काढतो. आता दहा जण चालतात. पडलेला तिथेच राहतो, लायब्ररीच्या दाराशी.

"ह्यांनी काय केलं?"

"पळाले. सहीच्या जागी कागदार फुल्यो मारून घेतलल्यो त्येंच्याकडून. काम सोडला तर गुन्हो." झिलू माझ्याबरोबर चालतो, उजवा पाय ओढत. "तेरा होते. दोघांक पाण्याच्या डबक्याकडे गोळी घातली. पाणी पितानाच."

"आणि फौजदार कायद्याचा माणूस."

"कायद्याचोच. बायांक पाण्यात घालूचा न्हय, असो पण कायदो होतो. तो पाळतत काय ता बघूक म्हणान फौजदार होडयेत इलो."

फौजदार फळीवर माझ्या शेजारी बसला आहे. त्याच्या गुडघ्याचा मला स्पर्श होतो, कापड ओलं आहे. मालक त्याला बाटली देतो. दोन बायका पाण्यात आहेत, तो बघतो, बाटली तोंडाला लावतो. बंदूक झिलूच्या मांडीवर आडवी टेकवून ठेवतो, जणू ती ठेवायची जागाच ती.

झिलू मोजतो आहे. आता तो म्हातारा नाही, माझ्याच वयाचा आहे. सहाही जण खाली आहेत. "अडतीस. एकोणचाळीस. पन्नास. एकावन्न."

फौजदार बाटली खाली घेतो.

"चोपन्न. पंचावन्न."

"चाळीस कोठे गेले?"

मराठी. परीक्षेसाठी पाठ केलेलं, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं.

"रत्नागिरी जिल्ह्यात मी चार वर्षे होतो," फौजदार म्हणतो. "मालवण मला ठाऊक आहे. तू चाळीस खाल्लेस काय?"

झिलूचं मोजणं थांबतं. फौजदार मालकाला इंग्रजीत सांगतो. मालकाचे कान लाल होतात. आधी तो झिलूच्या तोंडावर वल्ह्याची मूठ मारतो, दात फळीवर पडतो. मग म्हणतो, पुन्हा.

"पुन्हा," फौजदार मराठी करतो. "चाळीसपासून. सावकाश."

मी हिशेब करते, करायचा नाही असं ठरवूनही. खरे पंचेचाळीस झालेत. बोलण्यात आणि मारण्यात निदान वीस गेले. आता चाळीस ते साठ, एकवीस.

"चाळीस," झिलू रक्ताच्या तोंडाने म्हणतो. "एकेचाळीस. बेचाळीस."

नक्कल करणारी तीच वर येते. तिला खऱ्या पन्नासची सवय आहे आणि ते कधीच उलटून गेलेत, टाच कधी वाजते ते तिच्या छातीला माहीत आहे. ती झिलूकडे बघते. तो तिच्याकडे बघत नाही. वल्हं दोन्ही हातांवर येतं, एकदा, पुन्हा एकदा, बोटं सुटेपर्यंत. मग डोक्यावर. ती खाली जाते.

"त्रेचाळीस. चव्वेचाळीस."

बाकीचे पाच कडेपासून लांब वर येतात, वल्हं पोचत नाही तिथे. साठ होतात. टाच वाजते. पाचांपैकी कोणी हलत नाही. सगळे एकाच जागेकडे बघत राहतात आणि त्या जागी नुसतं हिरवं पाणी आहे.

फौजदार बूच लावतो.

पुन्हा प्रयोगशाळा. झिलू परत म्हातारा झाला आहे, पण फरशीवर पाणी आहे.

"तू शिकलेला चेडू," तो म्हणतो. "खरा सांग. ती वल्ह्यान मेली, काय माझ्या आकड्यांनी? धा आकड्यांत मनीस मरता?"

मला खोटं बोलता आलं असतं. दीडशे वर्षांनी कोण तपासणार आहे? पण तो माझा तक्ता तपासायला बसल्यासारखा बसला आहे.

"वल्हं नसतं तर तिने श्वास घेतला असता," मी म्हणते. "पण वल्ह्याचा मार खाऊनही ती लगेच वर येऊ शकली असती, जर टाच वाजली असती. दिवसभर बुड्या मारलेलं शरीर आधी काही सांगत नाही. शेवटच्या काही आकड्यांत शुद्ध जाते, दिवा विझावा तशी. हो आजोबा. त्या परत मोजलेल्या दहांतच."

तो मान हलवतो. बराच वेळ.

"बंदूक माझ्या मांडयेर होती," तो म्हणतो. मग म्हणतो, "तरी मारूक होई होती. टाच."

मी त्याच्या चिरलेल्या टाचेकडे बघते.

"घराकडे इलंय तरी चाळीस तोंडात घेतलंय नाय. पोरांनी तसाच उचलला. लोकांक वाटला, आमका मोजूक येय नाय." तो उठतो आणि मला त्याची जागा देतो. "आता तू मोज."

फळी ओली आहे. डावीकडे फौजदार, समोर वल्हं. मांडीवर लोखंडाचं वजन पडतं, मला वाटलं होतं त्यापेक्षा जड.

"सदतीस," मी म्हणते. "अडतीस."

फौजदार माझ्या तोंडाकडे बघतो आहे.

"एकोणचाळीस."

खालून, पाण्यातून, कोणीतरी नाकातून माझी नक्कल करतं.

"चाळीस," मी म्हणते आणि टाच मारते. सगळं बळ लावून. बंदूक उसळते, वल्हं वर जातं, आणि माझ्या अगदी जवळ, होडीच्या कडेशी, कोणीतरी मोठ्याने श्वास आत घेतं.

"कुबल! अगं कुबल!"

पलीकडच्या टेबलावरची फरहीन माझा खांदा हलवते आहे. तीन वाजून अकरा.

"टेबल मोडशील की. केवढ्याने पाय आपटलास! मी तिकडे पिपेट सोडली हातातून."

"एकदाच आपटला?"

"एकदाच. पुरे नाही का?"

चप्पल काढते. उजव्या टाचेत काहीतरी घुसलं आहे. चिमट्याने ओढून काढते. लाकडाचं कुसळ, सव्वा सेंटिमीटर, एका बाजूला डांबर. आमच्या प्रयोगशाळेत फरशी आहे, टेबलं लोखंडी आहेत. मी शिंपल्याचा काप बाजूला ठेवून ते कुसळ मायक्रोस्कोपखाली धरते. लाकडाच्या नळ्यांत मिठाचे स्फटिक आहेत, लहान लहान चौकोनी.

कुसळ मी नमुन्याच्या बाटलीत ठेवलं आहे. बाटलीच्या चिठ्ठीवर फरहीनने तारीख लिहिली, वेळ लिहिली. नावाचा रकाना आला तेव्हा ती म्हणाली, "काय लिहू?" तिच्या हातात पेन तयार होतं. मंगळवार हा शब्द माझ्या तोंडापर्यंत आला होता.

"मोकळा ठेव," मी म्हणाले.