शेपटीमागचा चंद्र

सर्व भाविकांस, अभाविकांस आणि अडचण आली की तेवढ्यापुरतं भाविक होणाऱ्यांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की विमान पश्चिमेला निघालं असेल तर चंद्र त्याच्या शेपटीमागे उगवतो आणि आत बसलेल्या माणसाला तो कोणत्याही खिडकीतून दिसत नाही. ही गोष्ट पंचांगात छापलेली नाही. आमच्या मेडशीच्या गुरुजींनाही ती ठाऊक नव्हती. ती कळायला माझ्या आत्याचा जीव अरबी समुद्रावर टांगणीला लागावा लागला.

आत्यानं मला वाढवलं. माझी आई मी रांगत असतानाच गेली आणि आत्या ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परतली, एक मूल कडेवर घेऊन. दुसऱ्या कडेवर तिनं मला घेतलं. तिचा स्वतःचा मुलगा वसंता पुढे फिटर झाला आणि आफ्रिकेत नैरोबीला एका कारखान्यात लागला. मी रिसोडला कापडाचं दुकान टाकलं. देवाच्या बाबतीत माझा व्यवहार साधा होता. देवळावरून जाताना मी हात जोडत असे ते गावच्या पाटलाला जोडावेत तसे, पुढे कटकट नको म्हणून. आत्याची गोष्ट वेगळी. तिचं गणपतीशी रोजचं बोलणं होतं, आणि भांडणही.

एके दिवशी नैरोबीहून तार आली. वसंताला विषमज्वर झाला होता, तो तापात आईला हाका मारत होता. बोटीनं जायचं तर फार दिवस लागले असते. त्याच्या मालकानं मोठ्या मनानं आमची दोघांची विमानाची तिकिटं पाठवली. तार ऐकली तशी आत्या उठली, गावच्या गणपतीपुढे जाऊन उभी राहिली आणि बोलून आली: वसंता उठून चालेपर्यंत दर संकष्टीला पाण्याचा थेंबही घेणार नाही, चंद्र पाहूनच सोडीन. नेमकी विमानाच्या दिवशीच संकष्टी आली.

"आत्या वो, या येळेस फराळ कर. प्रवास हाय," मी म्हटलं.

"काहून? विमानात देव नाही राहात का? उलटा जवळ पडते."

दुपारी मुंबईहून विमान सुटलं. आत्याच्या मांडीवर पितळेचा गडू होता, मेडशीच्या विहिरीच्या पाण्यानं भरलेला, तोंडाला फडकं घट्ट बांधलेला. पदराच्या गाठीत दूर्वा आणि गुळाचा खडा. चंद्राला अर्घ्य द्यायचं ते याच पाण्याचं, आणि उपास सोडायचा तोही याच पाण्यावर. सुरुवातीला ती मजेत होती. ढग पाहून म्हणाली, "कापूस पिंजून वाळू घातला पाह्य कोनं." मग विमान हादरे खाऊ लागलं. आधीच पोटात काही नाही, त्यात तिला उलट्या सुरू झाल्या. दिवस मावळेपर्यंत ती पार गळून गेली. कपाळावर गार घाम, हात बर्फासारखे, ओठांना भेगा.

विमानात प्रवाशांची देखभाल करायला वसईकडची एक ख्रिस्ती मुलगी होती. तिनं नाडी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "काका, आजींच्या अंगातलं पाणी संपत आलंय. साखरपाणी द्या, नाहीतर काही खरं नाही."

साखरपाण्याचा पेला पाहताच आत्यानं दात घट्ट आवळले. तिच्या हिशेबी त्या पेल्यात पाणी नव्हतं, वसंताचा प्राण होता. आता मी माझ्या पोतडीतल्या युक्त्या काढायला लागलो. रुमाल भिजवून हळूच ओठाला लावला, तर तिनं माझं बोट चावलं. अंगात त्राण नव्हतं, पण दात अजून चांगले होते. मग खिडकीबाहेर पंखाच्या टोकाला एक तांबडा दिवा दिसला. मी मोठ्या उत्साहानं ओरडलो, "आत्या, पाह्य पाह्य! चंद्र निंघाला!"

तिनं एक डोळा उघडला. "लेका, चंद्र लुकलुक करते का रे? बुढी झाली म्हनून येडी नाही झाली मी."

मागच्या रांगेतलं कोणीतरी हसलं. मीही हसलो असतो, पण तिचा डोळा मिटला तो पुन्हा उघडेना.

ती मुलगी धावत पुढे गेली आणि वैमानिकाला घेऊन आली. उंच, पिकल्या मिशांचा सरदार होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हिंदीत हळू आवाजात सांगितलं, की चंद्र नुकताच उगवला आहे, पण आपण त्याला पाठ करून चाललो आहोत. तो बरोबर शेपटीमागे आहे. खिडक्या बाजूला आहेत, त्यामुळे दिसणार नाही.

आत्याच्या कानावर ते पडलं असावं. डोळे न उघडताच ती पुटपुटली, "मंग वळव म्हना त्याले. आपला मोटरवाला नाही का वळवत फाट्यावर?"

सरदारजींना मी ते हिंदीत सांगितलं. ते हसले नाहीत. विमान असं मनाला येईल तेव्हा वळवता येत नाही, आणि एडनपर्यंत उतरायला जागाही नाही, एवढं म्हणून त्यांनी आत्याच्या पायांना हात लावला आणि ते परत गेले.

माझ्याजवळ आता एकही युक्ती उरली नव्हती. आयुष्यभर मी बोलून वेळ मारून नेली आहे. गिऱ्हाईक असो, सावकार असो, बायको असो, मला शब्द कधी कमी पडले नाहीत. त्या वेळी मात्र शब्दांचा उपयोग नव्हता. आत्याचे गार तळवे मांडीवर घेऊन मी चोळत बसलो. नवस बोलावा असंही वाटलं नाही, कारण बदल्यात द्यावं असं माझ्याजवळ होतंच काय? मनात एवढंच आलं: ही तुझी आहे, तूच पाहा.

आणि विमान एका अंगावर कललं. आमच्या बाजूचा पंख खाली झुकला, मग हळूहळू वर आला. खिडकीच्या काचेत काळ्या पाण्यावर थोडा कापलेला, तांबूस, भला मोठा चंद्र येऊन उभा राहिला. ती मुलगी ओरडली, "आजी!" मी आत्याची मान उचलून धरली. तिनं डोळे उघडले, चंद्राकडे पाहिलं आणि सगळ्या विमानाला ऐकू जाईल असं काहीतरी मोठ्यानं बोलली. ते मी आत्ता सांगत नाही. मी दुकानदार माणूस, चांगलं कापड शेवटी उलगडतो.

मुलीनं चहाची बशी पुढे धरली. आत्यानं गडूतलं पाणी त्यात सोडून अर्घ्य दिलं, दूर्वा वाहिल्या. मग गूळ तोंडात टाकला आणि घोटघोट पाणी प्याली. त्या मुलीनं तिच्या देवाची खूण छातीवर केली. चंद्र पुन्हा मागे सरकला तोवर आत्याच्या हातांना ऊब आली होती.

एडनला उतरताना मी सरदारजींना गाठलं. विमान तुम्ही वळवलंत का, विचारलं. ते म्हणाले, समोर वादळी ढग होता, वळसा घालावाच लागला. मी पुन्हा विचारलं नाही. ढगाला तरी त्या वेळी तिथे कोणी उभं केलं, हे मला कळत नाही, आणि जे कळत नाही त्यावर वाद घालायची सवय मी त्या दिवसापासून सोडली.

वसंता वाचला. पण अशक्तपणा असा, की त्याला सोडून आत्याला निघवेना. पुढे त्याचं लग्न झालं, नातू झाला, आणि तिचं येणं राहत गेलं. मी मात्र महिनाभरानं बोटीनं एकटाच परतलो होतो. निघताना तिनं तो रिकामा गडू माझ्या हातात दिला. "येशीन तवा आपल्या हिरीचं पानी भरून आन. इथलं पानी गोड हाय, पन आपलं नाही." दुसरं तिकीट मला कोण पाठवणार होतं? वसंताही जेमतेम घर चालवत होता. गेल्या कार्तिकात आत्या तिथेच गेली. अस्थी तिथल्या नदीत सोडल्या, असं कळलं.

मी गडू दर संकष्टीला मेडशीच्या विहिरीवर भरतो. उपास धरतो, निर्जळी नाही, तेवढा मी धीट नाही. अर्घ्य देताना दर वेळी मन खातं, की तिला आपल्या विहिरीच्या पाण्यापासून इतकं दूर मीच हात धरून नेलं. मग तिचं ते वाक्य आठवतं, आणि हात आपोआप जुळतात, पाटलाला जोडावेत तसे नव्हे. अरबी समुद्रावर, अर्धमेल्या अवस्थेत, काचेतून चंद्र पाहून आत्या ओरडली होती:

"अरे माय! हा तं आपल्या मेडशीचाच हाय!"