विकलेलं अस्वल

कुडव्यात माझं शिवणकाम आहे. सुरुवातीला ब्लाउज आणि फॉल-पिको, मग शाळांच्या गॅदरिंगचे ससे, मोर, वाघ, आणि आता पाचसहा वर्षं झाली, अस्वलं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माकडं अस्वलाला घाबरतात. हरभऱ्यात, वांग्याच्या वाडीत माकडांची टोळी उतरली की एक माणूस अस्वलाचा ड्रेस घालून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोन चकरा मारतो, आणि टोळी चार दिवस फिरकत नाही. एकानं पाहिलं, दुसऱ्यानं ऐकलं, आणि माझ्या दारात गिऱ्हाइकं यायला लागली. "भाभी, वो भालू का ड्रेस आपही बनाती हो ना?" बनाती हूँ बाबा, बैठो.

पहिलं अस्वल शिवलं तेव्हा मापासाठी मीच अंगात घातलं आणि अंगणात उभी राहिले. आत भट्टी. अस्वलाच्या तोंडात जाळी लावलेली, तिच्यातून वीतभर दिसणार. डोक्यात जाड फोम, त्यामुळे ऐकू येतो फक्त स्वतःचा श्वास. तेवढ्यात शेजारीण वाटी परत द्यायला आली. तिनं वाटी फेकली, कपडे धुवायची मोगरी उचलली आणि माझ्या पाठीत दोन हाणल्या. मी आतून ओरडतेय, "अवो मी आहे, मी!" तिला ऐकू गेली नुसती गुरगुर. मागून आम्ही दोघी पोट धरून हसलो, पण आठ दिवस मला पाठीवर झोपता आलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या तीन अटी. छातीवर आणि पाठीवर मी लाल कापडाचा रुंद पट्टा शिवते, माणूस आहे हे लांबून कळावं म्हणून. तो काढायचा नाही, झाकायचा नाही. दुसरी अट, ड्रेस घालून स्वतःच्या शेताबाहेर पाऊल टाकायचं नाही. तिसरी, एकट्यानं घालायचा नाही, सोबत ड्रेस न घातलेलं एक माणूस पाहिजे. गिऱ्हाइकानं माझ्या मशीनच्या चाकावर हात ठेवून तिन्ही अटी मोठ्यानं म्हणायच्या, मगच ड्रेस हातात. एकाला वरातीत मुलीकडच्यांना भेडवायला पाहिजे होता. त्याच्या हातातून मी पिशवी ओढून घेतली.

आमचे हे चिडवायचे, "ब्लाउज शिवल्यावर बाईले विचारतेस का, कुठं घालून जाशील म्हणून? विकलं ना? मंग सुटलं! लई नाकानं कांदे सोलतेस."

मी म्हणायची, "ब्लाउज घातलेल्या बाईवर कोणी कुऱ्हाड घेऊन नाही धावत."

दरेकश्याच्या अलीकडच्या एका गावातून एक शेतकरी आला, तो हिवाळ्यात. पन्नाशीचा, उंच, बोलायला मऊ. माझी धाकटी बहीण त्याच गावात दिलेली, त्यामुळे चहा झाला, तिच्या घरची खुशाली झाली. त्याचं माप घेतलं. आठ दिवसांनी आला, चाकावर हात ठेवला, तिन्ही अटी शाळेतल्या प्रार्थनेसारख्या म्हटल्या आणि गेला. भला माणूस वाटला मला. कपाळ माझं!

मोहफुलं पडायला लागली आणि एका दुपारी बहिणीचा फोन आला.

"ताई, आमच्याकडे अस्वल निघालं वो. तीन दिस झाले. पहाटे बाया मोहं वेचाले जाते, अना थे झाडाखाली उभंच राह्यते. म्हातारी शेजारीण जीव घेऊन परता परता पडली, हात मोडला तिचा."

मोहाच्या दिवसांत अस्वल येणारच, त्याला ते फूल गुळासारखं. मी म्हटलं, जपून राहा.

"पन ताई, मोहाले तोंडच नाही लावत थे. नुसतं धावून येते अंगावर. अना उन्हं वर आल्यावर गेलो, त झाडाखाली एक फूल नाही. सारं साफ."

माझ्या हातातली कात्री खाली पडली. फुलं न खाणारं अस्वल, आणि झाडाखाली झाडून नेल्यासारखी जमीन! मी विचारलं, "छातीवर लाल काही दिसलं का?"

"नाही. कारंभोर आहे सारं. उद्या पहाटे गावातले मानसं चाल्ले कुऱ्हाडी अना फटाके घेऊन. जंगलवाल्यायले सांगितलं, थे येऊ म्हनून राहिले, पन कवा येतीन?"

मी त्या गिऱ्हाइकाला फोन लावला. लागेना. त्या डोंगरात नेटवर्क म्हणजे देवाचं दर्शन. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तू कायले जातेस? तू शिवलं, त्यानं घेतलं." असा राग आला मला! म्हटलं, उद्या त्या ड्रेसमधून माणसाचं मढं निघालं तर हेच म्हणाल का, विकलं अन् सुटलं? मी मिळाली ती लोकल पकडली.

दरेकश्याला बहीण घ्यायला आली होती. वाटेत तिला सगळं सांगितलं. ती जागच्या जागी थांबली. म्हणाली, "ताई, आज गावात बोलू नको. म्हातारीचा हात मोडला आहे, तिच्या घरची लोकं रातीच त्याच्या घरात घुसतीन. ड्रेस तुया हातात आला का मंग सांगू." मलाही पटलं. नाही सांगितलं तर अस्वल समजून मारतील, सांगितलं तर माणूस म्हणून मारतील. ड्रेस काढून घेतला की दोन्ही टळतं, असा माझा हिशेब.

त्याच्या घरी पोचलो तेव्हा सूर्य डोंगराआड चालला होता. तो ओट्यावर बसला होता. मला पाहिलं आणि चेहरा उतरला. मी राम राम पण केला नाही.

"ड्रेस आणा बाहेर."

"थो त माकडासाठी..."

"आणा म्हणते ना!"

त्यानं आणला. छातीवरच्या लाल पट्ट्यावर काळं कापड टाचलेलं, मोठ्या मोठ्या टाक्यांनी. पाठीवरही तसंच. मी म्हटलं, "मशीनवर हात ठेवून काय बोलला होता?"

तेव्हा तो मऊ माणूस तडकला. "बाई, पैसा मोजून घेतला मी. तुमी शिवनाऱ्या, घालनारे आमी. तुमी कोन सांगनाऱ्या? थे दोन झाडं माह्या आजानं राखले. धुऱ्यावर आहेत माह्या. गावच्या बाया तीन वाजतापासून टोपल्या घेऊन बसून राह्यते, आमी जावं तवर खाली माती. बोललो त भांडन. माहे झाडं, माहं अस्वल. तुमाले काय करनं आहे?"

झाडं त्याची, हे बहिणीनंही वाटेत कबूल केलं होतं. पण म्हातारीचा मोडलेला हातही खरा होता. मी म्हटलं, "उद्या कुऱ्हाडी येऊन राहिल्यात. तुमचा जीव जाईल."

तो खाली पाहत राहिला. मी ड्रेसची घडी घालायला लागले. हात आपोआप शिवण पाहत जातो माझा. पायांशी आले आणि थबकले. दोन्ही पायांची मोहरी चार-चार बोटं आत दुमडून टाचलेली होती. बाह्याही. हा माणूस ताडासारखा. मी त्याच्याच मापानं शिवलेला ड्रेस त्याला लांब कसा होईल?

मी वर पाहिलं. दारात त्याची बायको उभी होती. माझ्या खांद्याला लागेल एवढीशी.

तो आतापर्यंत खाली पाहत होता ते का, हे तेव्हा कळलं. अस्वल ती होती. तिनं बायांना पळवायचं, यानं मागून टोपल्या भरायच्या.

मी उठून तिच्याजवळ गेले. म्हटलं, "बाई, तुला आत ऐकू येत नाही, दिसत नाही, पळता येत नाही. मी घातलाय तो, मला माहीत आहे. उद्या पंधरावीस माणसं येतील."

ती म्हणाली, "येऊ द्या." आवाजात भीती नव्हती, त्याचंच मला भेव वाटलं. "मागच्या साली याच बायायनं माही टोपली लाथाडली. चेंदा केला फुलायचा. मी रडून राह्यली होती अना थ्या हासत होत्या. आता पाहा कशा परते मले पाहून! लुगडी सावरत नाही त्याहिले."

"अवो, ती म्हातारी पडली!"

तेव्हा मात्र तिनं मान फिरवली. नवराही गळपटला होता. "देऊन टाक," तो तिला म्हणाला, "नको थे झंझट."

मी ड्रेस पिशवीत कोंबायला घेतला तर तिनं हात धरला. "दिवे लागले बाई."

आत देवापाशी खरंच दिवा लागला होता. दिवेलागणीनंतर घरातली वस्तू बाहेर द्यायची नाही. ही रीत मला कोणी शिकवायला नको. माझ्याकडे कोणी तिन्हीसांजेला सुई मागायला आलं तर मी सुई देत नाही, सकाळी ये म्हणते. माझी बहीणही म्हणाली, "ताई, खरं आहे, आता नको नेऊ. लक्षुमी जाते म्हनते त्याच्या घरची."

आणि मी, तीन अटी घालणारी, गिऱ्हाइकांकडून शपथा घेणारी शहाणी बाई, मी तो ड्रेस ओट्यावर ठेवला.

"सकाळी येते घ्यायला. उद्या जायचं नाही. म्हण."

"नाही जात," ती म्हणाली.

बहिणीकडे मला जेवण गेलं नाही. डोळा लागला तो पहाटे, आणि बहिणीनं गदागदा हलवून उठवलं. "ताई, मानसं निघाले!" मी चप्पल न घालताच तशीच पळत त्या घरी गेले. दार उघडं. ओट्यावर ड्रेस नव्हता. नवरा अंगणात पिशाच्च पाहिल्यासारखा उभा. म्हणाला, "माही झोप लागली. उठून पाह्यतो त..."

मी पुढचं ऐकलं नाही. बहीण पुढे, मी मागे, शेतातून धावत सुटलो. अजून पुरतं उजाडलं नव्हतं, पण माणसांच्या ओळी दिसत होत्या. पुढे पुरुष, हातात कुऱ्हाडी आणि काठ्या, मागे रिकाम्या टोपल्या घेतलेल्या बाया. समोर धुऱ्यावर दोन मोहाची झाडं, खाली पिवळा सडा, आणि सड्यात उभं माझं अस्वल. मान इकडे तिकडे वळवत होतं. मला ठाऊक होतं, त्या जाळीतून तिला माणसांची एवढी रांग दिसत नसणार. कोणीतरी फटाक्यांची लड पेटवून फेकली. ती दचकली आणि, अगं बाई, पळायचं सोडून माणसांच्याच अंगावर धावून आली. रोज तसंच करून भागत होतं ना!

"माणूस आहे! माणूस आहे तो!" मी घसा फाडून ओरडले. फटाक्यांत कोण ऐकणार? एक जण म्हणाला, "बाई, बाजूले व्हा!" त्याची कुऱ्हाड वर गेलेली मी पाहिली. मी त्याच्या बाजूनं वाकून निघाले आणि अस्वलाला मिठी मारली. दोघी खाली पडलो. ती आतून मला बुक्क्या मारत होती, तिला काय माहीत मी कोण. मी डोक्याखालची नाडी ओढली आणि अस्वलाचं डोकं उपटून काढलं.

सगळे थांबले.

तिचे केस घामानं कपाळाला चिकटलेले, तोंड उघडं, श्वास पुरत नव्हता. माझ्या खांद्यावरून तिनं पाहिलं. कुऱ्हाडवाला हात हळूच खाली आला. तो माणूस "अबे," एवढंच म्हणाला आणि मटकन खाली बसला.

मग बाया पुढे आल्या. आधी एकीनं तोंड उघडलं, मग सगळ्यांनी. काय काय बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. मोडल्या हाताच्या म्हातारीची सून तिच्या तोंडावर थुंकली. तिनं पुसलं पण नाही. तिचे हात पंजांत होते, पुसणार कशी? मी माझ्या पदरानं पुसलं. मनात म्हटलं, वाचली. जीव वाचला, बाकी होईल काहीबाही. मला एवढं हायसं वाटत होतं की मला वाटलं, तिलाही वाटत असेल.

तिनं माझ्या दंडाला धरलं आणि कानाशी तोंड आणलं.

"डोकं द्या," ती म्हणाली. "गावातून जायचं आहे मले."

गावातून वाट एकच होती, आणि तोवर सगळं गाव ओट्यांवर आलं असणार. मी डोकं उचललं, त्यावरची माती झटकली आणि माझ्या हातानं तिला घातलं. नाडी बांधली. मग तिचा पंजा धरला, कारण तिला वाट दिसत नव्हती, आणि तिला घेऊन चालायला लागले. मागून कोणी हसलं, कोणी ढेकूळ मारलं, ते माझ्या पाठीत बसलं. मी वळून पाहिलं नाही. तिच्या घरापर्यंत तो पंजा माझ्या हातात हुंदक्यांनी हलत होता.